दुसऱ्या गाडीचं दार

पट्टीताईने पडद्यावरचा फोटो मोठा केला आणि कपाळावरचा चष्मा खाली ओढला. फोटो सकाळी तिनेच काढलेला होता: भावाच्या व्हॅनचं ड्रायव्हरकडचं दार आणि दाराच्या कडेला चिकटवलेली कारखान्याची पट्टी. बिलाला जोडायचा म्हणून तिने तो उघडला होता. पट्टीवर गाडी तयार झाल्याचा महिना आणि साल होतं. ते तिने वाचलं, आणि परत एकदा वाचलं.

ही व्हॅन तर तिच्या लेकीपेक्षा जुनी. कळा सुरू झाल्यावर भावाने तिला हिच्यातूनच दवाखान्यात नेलं होतं. आणि पट्टी सांगत होती की गाडी लेक शाळेत जायला लागली त्या साली तयार झाली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "हे दार दुसऱ्याच गाडीचं आहे हो."

गॅरेजात तिला पट्टीताई म्हणत ते काही उगाच नाही. पट्टीवरची बारीक अक्षरं वाचून ती गाडीला गिअरबॉक्स कोणता, मागचा ॲक्सल कोणता हे घडाघडा सांगे, आणि आपोआप गिअर बदलणाऱ्या कंट्रोल बॉक्समध्ये कुठला प्रोग्रॅम भरायचा ते त्यावरून ठरे. पट्टीवरचा नंबर आधी पुढच्या काचेखाली कोरलेल्या गाडीच्या नंबराशी ताडायचा, मगच प्रोग्रॅमला हात लावायचा, हा नियमही तिचाच. कुणी चुकलं तर ती त्याला फाडून खाई. आज सकाळी भावाच्या व्हॅनचा जळलेला बॉक्स बदलला, तेव्हा त्याचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं. आणि घरच्या गाडीचा नंबर कोण ताडत बसतं!

"मग प्रोग्रॅम?" मिस्त्रीने विचारलं.

"दाराचा भरला. गाडीचा नाही."

मिस्त्री म्हणजे एरवी रडत्याला हसवणारा माणूस. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"घाट चढेल कशीबशी," तो म्हणाला. "पण उतरताना गिअर धरणार नाही. सगळा भार ब्रेकवर येणार."

हे तिलाही ठाऊक होतं. भाऊ एका कुटुंबाला घेऊन डोंगरापलीकडे निघाला होता. त्यांत दोन लहान मुलं होती, सकाळी इथेच टायरांवर उड्या मारत होती.

तिने फोन लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, अशी शपथ तिनेच त्याला घातली होती, आणि इतर बाबतींत तिचं एक न ऐकणारा हा शहाणा नेमकी तेवढी शपथ पाळत होता. "उचल रे, मेल्या, उचल," ती पुटपुटत राहिली. त्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढून हलत नव्हते.

मिस्त्रीने लॅपटॉप पिशवीत भरला आणि आपल्या मोटारसायकलची किल्ली शोधू लागला. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, अगं किती फोन! आग लागलीय का कुठे?"

"कुठे आहेस तू?"

"माथ्यावर. चढावर गिअर येड्यासारखे बदलत होते. म्हटलं, जरा थंड होऊ दे. मंडळी चहा घेतायत. आता उतरतोच."

"उतरायचं नाही! किल्ली काढ. चाकांना दगड लाव. त्या लोकांना दुसरी गाडी करून दे. माझी चूक झाली रे, मी दारावरची पट्टी वाचली. ती दुसऱ्या गाडीची आहे."

तो जिवंत होता, मुलं चहाच्या टपरीवर होती. तिचा जीव भांड्यात पडला आणि डोळे भरून आले. पण पलीकडून नेहमीची थट्टा येईना.

"हां," तो म्हणाला. "ते दार बदललंय. जरासं चेपलं होतं. तुला उगाच घोर नको, म्हणून बोललो नाही."

पट्टीताई खुर्चीत बसली. जरासं चेपलेलं दार ठोकून सरळ करतात आणि वर रंग मारतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत! अख्खं दार बदलायची वेळ येते तेव्हा ते पार आत घुसलेलं असतं, माणूस बसतो तिथवर. गेल्या थंडीत हा लांबच्या भाड्यावर म्हणून गेला, तो महिनाभर आलाच नाही. आला तेव्हापासून चहाचा कप डाव्या हाताने उचलतो. "डावखुरा कधीपासून झालास रे?" म्हणून तिनेच चिडवलं होतं त्याला, आणि तो हसला होता.

"ताई? आहेस ना?"

"आहे. मिस्त्रींना घेऊन येतेय. किल्ली काढलीस?"

"काढली."

"कुठल्या हाताने?"

"तू ये आधी," तो म्हणाला.