गंगारामांचं बिनविस्तवाचं पुडिंग

सानिकाचे टॉन्सिल्स काढल्याला आज पाचवा दिवस होता, आणि पोरगी अन्नाला तोंड लावत नव्हती.

पहिले दोन दिवस तिने आईस्क्रीम खाल्लं. तिसऱ्या दिवशी त्याचाही तिला वीट आला. श्रद्धाने तांदळाची पेज केली, गार करून भरवली. तिने दुसऱ्याच घोटाला तोंड फिरवलं. मऊ भात कालवून दिला, तो तिने बोटाने ताटाच्या कडेला सारला. बोलताना घसा दुखे म्हणून ती वहीत लिहून दाखवायची. एका पानावर फक्त ‘नको’ हा एकच शब्द सात वेळा लिहिलेला होता.

सकाळी श्रद्धाने रत्नागिरीला डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, “थंड आणि मऊ काहीही चालेल, पण पोटात गेलं पाहिजे. उद्या सकाळपर्यंत नीट खायला लागली नाही तर घेऊन या. सलाईन लावावी लागेल.”

फोन ठेवून श्रद्धा ओटीवर येऊन बसली. पूर्णगडच्या बंदराकडे उतरणाऱ्या पाखाडीला, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेला, लागून हे भाटकरांचं घर. तिचा नवरा सुजय आखातात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर होता, तो एप्रिलपर्यंत येणार नव्हता. घरात ती, सानिका आणि सासरे गंगाराम, एवढीच माणसं. श्रद्धा माहेरची सावर्ड्याची, इथे गावच्या शाळेत शिक्षिका. चाळीस मुलांना ती एका आवाजात गप्प बसवायची. पण आपल्या एका मुलीला दोन घास भरवणं आज तिच्या हाताबाहेर गेलं होतं.

ओटीच्या दुसऱ्या टोकाला गंगाराम खुर्चीत बसले होते. तीस वर्षं त्यांनी जहाजावर भंडारी म्हणून काढली. जहाजावरच्या आचाऱ्याला भंडारी म्हणतात. पंचवीस-तीस खलाशांचं तिन्हीत्रिकाळचं जेवण त्यांच्या हातचं. पण काचबिंदूने चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली, आणि त्यानंतर काही महिन्यांत ती दुधाची गोष्ट घडली. त्यांनी चहासाठी दूध ठेवलं, ते उतू गेलं, खालची ज्योत विझली आणि गॅस तसाच सुरू राहिला. श्रद्धा शाळेतून आली तेव्हा वास पडवीपर्यंत आला होता. तिने धावत जाऊन सगळी दारं-खिडक्या उघडल्या, आणि मग भीतीनेच तिच्या तोंडून निघून गेलं, “बाबा, पुन्हा स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही!”

त्या दिवसापासून गंगारामांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. ते कधी त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. श्रद्धाला मात्र आपलं वाक्य अधूनमधून आठवायचं, आणि आठवलं की ती त्यांच्या ताटात एक वाटी जास्त वाढायची.

सानिका आतून आली. तिने आईसमोर वही धरली. वहीत लिहिलं होतं, ‘चॉकलेटचं कायतरी.’

“आता चॉकलेटचं काय आणू मी इथे?” श्रद्धा म्हणाली. “चॉकलेट टोचेल घशाला. केक कोरडा. रत्नागिरीला जाऊन यायचं तर दुपार होईल, आणि तिथे मिळणार ते नुसतं साखरेचं.”

“काय लिवलान गो पोरीने?” गंगारामांनी विचारलं. श्रद्धाने सांगितलं.

ते खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, “मी करू?”

“बाबा, गॅस…”

“गॅस नाय लागत. विस्तवच नाय लागत.” त्यांनी काठी भिंतीला टेकवली. “दर्या खवळला की जहाजावर चूल बंद. उकळती भांडी कलंडली तर माणूस भाजायचा. पण खाणारी तोंडं बंद होतात काय? मग आम्ही थंडाच काय काय करायचो. खजूर हाय घरात?”

खजूर होता. काजूही होते. सानिकाच्या वाढदिवसाला केकसाठी आणलेल्या कोको पावडरचा डबाही अर्धा शिल्लक होता. “मग झालाच की,” गंगाराम म्हणाले. “काजू नि खजूर वेगवेगळे भिजत घाल. पाणी पोरीसाठी उकळून गार केलेला असेल, तेच घे. आणि काशीरामला हाक मार, शहाळी पाहिजेत.”

शेजारच्या काशीरामने पाच शहाळी आणून ओटीवर टाकली. गंगाराम खाली बसले. एकेक शहाळं कानाशी नेऊन त्यांनी हलवलं, बोटाच्या पेराने ठोकलं. त्यातली दोन शहाळी बाजूला सारली. “ही पाण्याने गच्च भरलीत, आवाज नाय. आत मलई नावालाच. ही तीन फोड. पाणी जरा डुचमळतंय, म्हणजे मलई धरलीय.”

काशीरामने ती फोडली. तिन्हींत बोटभर जाड, मऊ मलई होती. काशीराम आ वासून बघत राहिला. “चाळीस वर्षं माडावर चढतोय मी,” तो म्हणाला, “तरी फोडल्याशिवाय नाय सांगता येत मला.”

श्रद्धाने मलई काढून तीन वाट्यांत ठेवली. गंगारामांनी प्रत्येक वाटी नाकाशी धरली. तिसरीपाशी थांबले. “ही टाक.”

“अहो, पांढरीशुभ्र आहे! तिन्ही सारखीच दिसतायत.”

“दिसत असेल.”

श्रद्धाने चमच्याच्या टोकाने चाखून पाहिलं. सुरुवातीला काहीच जाणवलं नाही. मग जिभेच्या मागच्या बाजूला एक आंबूस चव पसरली. शहाळ्याला कुठेतरी बारीक चीर गेलेली असणार. तिने निमूट वाटी ओतून दिली. डोळे तिला होते, आणि आजारी मुलीला तीच ही मलई देणार होती.

दोन तासांनी काजू नखाने दाबले की दबायला लागले. आता वाटायचं. मिक्सर स्वयंपाकघरात होता. गंगाराम उंबऱ्यापाशी येऊन थांबले. श्रद्धा त्यांच्याकडे वळली. तिने त्यांचा हात धरला आणि ते आत आले.

खजूर, काजू, मलई, दोन चमचे कोको, चिमूटभर मीठ. “मीठ कशाला?” श्रद्धाने विचारलं. “गोडाला जागा करायला,” ते म्हणाले. त्यांचा हात सवयीने फळीवरच्या जायफळाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. “नको. घसा हुळहुळा हाय तिचा.”

मिक्सर जेमतेम दोन वेळा फिरला आणि लाईट गेली.

श्रद्धाने भांड्यात डोकावून पाहिलं. अर्धवट वाटलेला चिखल, मधे काजूचे कण, खजुराच्या सालीचे तुकडे. दहा मिनिटं गेली, वीस गेली. कोपऱ्यावरच्या मैनाने पाखाडीवरूनच ओरडून सांगितलं की वरच्या वाडीत तार तुटलीय, संध्याकाळशिवाय काही होत नाही.

श्रद्धाच्या डोळ्यांत पाणीच आलं. “झालं! आता हे असंच देऊ? कण टोचले तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही.”

“पाटा कुठे टाकलाय आपला?” गंगारामांनी विचारलं.

पाटा मागच्या पडवीत पोत्याखाली होता. दोघांनी मिळून तो काढला, घासून धुतला. श्रद्धा मिश्रण ओतणार तोच गंगारामांनी हात आडवा केला. “थांब गो. ह्याच्या पोटात तुझ्या सासूची वीस वर्षांची मिरची हाय.” त्यांनी मूठभर ओले तांदूळ मागितले, ते पाट्यावर वाटले आणि फेकून दिले. पुन्हा मूठभर वाटले. दुसऱ्या खेपेचं पीठ बोटावर घेऊन त्यांनी हुंगलं, जिभेवर ठेवलं, थुंकले. “अजून हाय.” तिसऱ्या खेपेला मान डोलावली. मग उकळलेल्या पाण्याने पाटा पुन्हा धुतला.

आणि ते वाटायला बसले.

श्रद्धाने त्यांना कधी काम करताना असं जवळून पाहिलंच नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा ते जहाजावर असायचे. कायमचे घरी आले ते डोळे अधू होऊनच. काठी चाचपडणारे, चहाचा कप दोन्ही हातांनी शोधणारे गंगाराम तिला माहीत होते. हे कोणी निराळेच होते. खांद्यापासून सगळा जोर वरवंट्यावर, पण लय संथ. पुढे जाताना दाब, मागे येताना हलका हात. कडेला आलेलं वाटण डावा हात न चुकता आत ओढत होता, एक थेंब जमिनीवर नाही. मधेच आवाज बदलला की ते थांबत, बोटांनी नेमका तो कण शोधून वरवंट्याखाली घेत.

“तुम्हाला कसं कळतं कण कुठे आहे ते?”

“ओरडतो तो,” गंगाराम म्हणाले, आणि हसले.

पाऊण तास झाला. सत्तरी ओलांडलेला माणूस घामाने निथळत होता. श्रद्धा म्हणाली, “बाबा, मी घेते आता थोडा वेळ.” त्यांनी लगेच वरवंटा दिला, काही कुरकुर केली नाही, फक्त तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवून दाब कमी-जास्त कसा करायचा ते दाखवलं. दहा मिनिटांत तिचे हात भरून आले. ते पुन्हा बसले.

शेवटी त्यांनी थोडंसं वाटण चिमटीत धरून चोळलं, मग वरच्या ओठावर लावलं. “बोटाला जाड कातडी. ओठ फसत नाय.” तरीही त्यांचं समाधान झालं नाही. मलमलच्या फडक्यातून त्यांनी ते सगळं पिळून काढलं. फडक्यात खजुराच्या सालीचा चमचाभर चोथा राहिला. खाली भांड्यात जे उतरलं ते काळसर, चकचकीत आणि इतकं गुळगुळीत होतं की श्रद्धाने चमचा उचलला तर त्याची धार अखंड पडली.

फ्रिज बंदच होता. स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ते भरून, डबा बादलीत ठेवून त्यांनी विहिरीत सोडायला लावला, पाण्याला जेमतेम टेकेल इतका. श्रद्धाने रहाट धरला. गंगाराम कठड्याला हात लावून उभे राहिले, आणि तिने इतके दिवस गिळलेलं वाक्य तेव्हा बाहेर आलं.

“बाबा, त्या दिवशी मी फार वाईट बोलले तुम्हाला. गॅसचं.”

“कधीचा काय काढलंस हे!”

“तुम्ही त्यानंतर आत आलाच नाहीत. मला वाटायचं, माझ्यामुळे.”

खाली बंदरात एका होडीचं इंजिन सुरू होऊन बंद पडलं. “तुझ्यामुळे नाय गो,” ते म्हणाले. “मी घाबरलो होतो. तीस वर्षं आगीशी खेळलो, कधी साधा हात भाजला नाय. आणि त्या दिवशी ज्योत विझली ती मला कळली नाय. वाससुद्धा आला नाय, सर्दी झाली होती. पोरगी शाळेतून आधी आली असती तर? मग मीच म्हटलं, गंगाराम, तुझी पाळी संपली. तू ओरडलीस ते बरा झाला. मला स्वतःला सांगावा लागला नाय.”

श्रद्धाला वाटलं होतं ते तिच्यावर रुसले असतील. इतकी वर्षं एका घरात राहून तिला त्यांचं भय दिसलं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले. मग त्यांना दिसत नाही हे आठवून, पण ऐकू येतं हे विसरून, नाकही जोरात ओढलं.

“सर्दी झाली काय?” गंगारामांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली आणि हसू लागली.

चारच्या सुमाराला डबा वर काढला. पुडिंग थंडगार झालं होतं आणि चमचा उभा राहील इतपत धरलं होतं. श्रद्धाने ते काचेच्या वाटीत काढलं. सानिका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कोकोचा वास आला तशी वळली. तिने वाटीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या आजोबांकडे पाहिलं.

पहिला अर्धा चमचा. गिळताना तिचे डोळे घट्ट मिटले. गंगाराम मान किंचित तिरकी करून ऐकत होते.

सानिकाने डोळे उघडले आणि आईच्या हातातून चमचा काढून घेतला.

दुसरा चमचा, तिसरा. मग तिने मोजणं, थांबणं, तोंड वाकडं करणं सगळं सोडून दिलं. खोलीत फक्त काचेवर चमचा लागल्याचा आवाज येत होता. तो आवाज खरवडण्याचा झाला तेव्हा गंगारामांनी दाराची चौकट धरली होती ती सोडली.

“आबा,” सानिका म्हणाली. पाच दिवसांत तिने उच्चारलेला हा पहिला शब्द, घोगरा, फाटका. “अजून आहे?”

“हाय गो माझी बाय. डबा भरून हाय.”

रात्री ती थोडी पेजही प्यायली. सकाळी डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, आणायची गरज नाही. “काय दिलंत?” त्यांनी विचारलं. श्रद्धाने सांगितलं, तर त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यांच्याकडे अशी मुलं रोज येतात म्हणाले.

रविवारी श्रद्धाने स्वयंपाकघर आवरायला काढलं. खालची दोन कपाटं रिकामी केली, पाटा पडवीतून आणून खिडकीखाली मांडला, आणि गंगारामांना हाक मारली. “बाबा, वाटणी करू या. विस्तवाचं सगळं माझं. बिनविस्तवाचं सगळं तुमचं. सोलकढी, कोशिंबीर, चटण्या, पुडिंग.”

गंगारामांनी कपाटाच्या फळ्यांवरून हात फिरवला. डब्यांची झाकणं एकेक उघडून हुंगली.

“धने नि जिरा शेजारी नको,” ते म्हणाले. “मधे काहीतरी ठेव. आणि आमसुलं जुनी झालीत, ही बदल. आज सोलकढी करायची तर नारळ आत्ताच खवून दे मला. आणि तू जरा बाजूला सरक, उजेडात उभी हायस की काय ते मला नाय माहीत, पण वाटेत हायस.”

श्रद्धा सरकली.