जेमतेम

ड्रायव्हरच्या घरात शिरल्यावर, बसायच्या आधीच बाईंनी पर्समधून कागद काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"माझ्या हातून चूक झालीय. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

ड्रायव्हरने कागद घेतला. इंग्रजी बघून तो पुन्हा बाईंच्या तोंडाकडे पाहू लागला. त्याची बायको हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

बाई कंपनीत भाषांतराचं काम करायच्या. कंपनीची बस फाटकावर आदळून वॉचमनचा पाय मोडला, तेव्हा चौकशीतला ड्रायव्हरचा जबाब त्यांनीच इंग्रजीत केला होता. 'मी ब्रेक जोरात दाबला,' असं तो म्हणाला होता. 'हार्ड' म्हणजे जोरात, म्हणजे 'हार्डली'ही त्यातलंच, असं बाई आजवर धरून चालल्या होत्या. त्यांनी 'हार्डली' लिहून टाकलं. परवा मुलीचा अभ्यास घेताना मुलगीच हसली. "आई, हार्डली म्हणजे जेमतेम गं. न केल्यातच जमा."

"वरच्या साहेबांनी तेच वाचलं," बाई म्हणाल्या. "ब्रेक जेमतेम दाबला. कबुलीच झाली ती. या अर्जात मी माझी चूक लिहून दिलीय. तुम्ही फक्त सही करा."

"मी म्हणत नव्हते?" बायको पुढे आली. "चार महिने हा माणूस मान वर करत नाही. जसा काही यांनीच गुन्हा केलाय!" तिने डोळ्यांना पदर लावला. "थांबा, चहा टाकते."

ती आत गेली. ड्रायव्हर कागदाची घडी घालत राहिला. घालायचा, उलगडायचा.

"बाई, तुम्ही बरोबरच लिहिलं होतंत."

"अहो नाही, मी सांगतेय ना..."

"डुलकी लागली होती मला." त्याने आवाज खाली आणला. "ब्रेकवर पाय गेला तो आदळता आदळता. जबाबात खोटं बोललो. तो वॉचमन अजून कुबड्या घेऊन चालतो."

बाईंना एकदम हायसं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच पुरता श्वास आला. मग त्या हायसं वाटण्याचीच त्यांना लाज वाटली. त्यांनी खाली पाहिलं.

आत कपबश्या वाजल्या. बायको ट्रे घेऊन आली. चेहरा धुऊन, केस सारखे करून आली होती.

"कामावर कधीपासून बोलावतील हो यांना?"

बाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याने कागद बाजूला ठेवला.

"ट्रे ठेव तो," तो बायकोला म्हणाला. "आणि जरा इथं बस."