बागेच्या कोपऱ्यातली केबल

धारवाडच्या मळमड्डी भागात इलेक्ट्रिक गाड्यांसाठी सार्वजनिक चार्जिंगची सोय करायचं ठरलं, तेव्हा आराखडा आपल्यालाच करायला सांगतील याबद्दल शेषगिरींच्या मनात शंका नव्हती. वीज खात्यात चौतीस वर्षं गेलेली, त्यातली अकरा याच भागात सेक्शन ऑफिसर म्हणून. रहिवासी संघाचे अध्यक्ष बाळाचार्य एक दिवस घरी आले, चहा घेतला आणि काम गौतमीकडे दिल्याचं सांगून गेले.

गौतमी म्हणजे यल्लाप्पाची मुलगी. यल्लाप्पा शेषगिरींच्या हाताखाली लाइनमन होता. तो खांबावर चढायचा आणि हे खाली उभे राहून सूचना द्यायचे. त्याची मुलगी इंजिनियर झाली, बेंगळुरूला चार्जिंग स्टेशनं उभारण्यात चार वर्षं घालवून आता धारवाडला परतली होती. शेषगिरींच्या मुलानं, गुरुप्रसादनं, इंजिनियरिंग दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं. तो विषय घरात कुणी काढत नसे.

पुढचे पंधरा दिवस शेषगिरींना जिकडे तिकडे तीच दिसू लागली. कुठल्या गल्लीत किती इलेक्ट्रिक स्कूटर आहेत, रिक्षावाले दुपारी कुठं टेकतात, वरच्या मजल्यावरची माणसं गाडी चार्ज कशी करतात, हे ती दारोदार विचारत होती, कधी कन्नडमध्ये तर कधी मराठीत. लोक उन्हात उभे राहून तिला माहिती देत. एकदा जेवताना त्यांच्या पत्नी कृष्णाबाई म्हणाल्या की पोरगी फार नीट विचारते, समोरच्याचं ऐकून घेते. शेषगिरींनी ताट बाजूला सारलं. भातात खडे आहेत म्हणाले. खडे नव्हते.

संघाच्या बैठकीत तिनं नकाशा भिंतीवर लावला. बागेच्या कोपऱ्यात सहा स्कूटरसाठी आणि दोन रिक्षांसाठी जागा. त्यातली चूक शेषगिरींच्या लगेच लक्षात आली. त्या कोपऱ्याखालची केबल खात्याच्या नकाशात अखंड होती. प्रत्यक्षात एका पावसाळ्यात ती लागोपाठ जळाली होती आणि तिला तीन ठिकाणी जोड द्यावे लागले होते. नकाशात त्यांची नोंद करायचं शेषगिरींकडूनच राहून गेलं होतं. आठ गाड्या एकदम लागल्या तर ते जोड टिकणार नव्हते.

“शेषगिरी, तुमचं काय मत?” बाळाचार्यांनी विचारलं.

सगळे वळले. गौतमी वही उघडून, पेन टेकवून थांबली. शेषगिरींचा शब्द लिहून घ्यायला ती तयार होती, आणि नेमकं तेच त्यांना सोसलं नाही.

“छान आहे,” ते म्हणाले. “कागदावर सगळं बरोबर आहे.”

घरी जाताना त्यांना हलकं वाटलं. उन्हाळ्यातली एखादी संध्याकाळ असेल, केबल जळेल, चार गल्ल्या अंधारात जातील, आणि मग माणसं आपलंच दार वाजवतील. हे चित्र ते आठवडाभर मनात घोळवत राहिले.

दार वाजलं, पण वाजवलं ते यल्लाप्पानं. बस म्हटलं तरी तो बसला नाही. लेकीच्या टेबलावर नकाशा पाहिला, तिला जोडांबद्दल सांगितलं, तिनं परवानगी काढून कोपरा खणवला, असं तो सावकाश सांगत गेला. तिन्ही जोड सापडले होते. आता जागा पाण्याच्या टाकीजवळ हलवली होती, तिथं नवीन केबल येणार होती.

“साहेब, जोड घातले तेव्हा मी खड्ड्यात होतो आणि तुम्ही वर उभे होता,” तो म्हणाला. “तुम्ही विसरलात का?”

हो म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. यल्लाप्पा त्यांना सुटायला वाट देत होता, हे शेषगिरींना कळलं. वाट देणारा तो आणि घेणारे आपण, हे सोसवेना.

“नाही. विसरलो नव्हतो.”

यल्लाप्पा दाराकडे वळला.

“साहेब विसरले असतील, असं तिला सांगितलंय मी,” तो म्हणाला. “तसंच राहू द्या.” आणि निघून गेला.

त्याची कीव सहन करण्यापेक्षा त्याच्या शिव्या बऱ्या, असं शेषगिरींना वाटलं. दोन दिवस ते घरातून बाहेर पडले नाहीत. बसून त्यांनी मळमड्डीतल्या प्रत्येक ट्रान्सफॉर्मरची, जमिनीखालच्या प्रत्येक जोडाची आठवेल तशी यादी केली आणि ती घेऊन पाण्याच्या टाकीपाशी गेले. गौतमी टेपनं जागा मोजत होती.

“मी विसरलो नव्हतो,” ते म्हणाले.

“अप्पा ज्या तऱ्हेनं बोलले, त्यावरून मला तसं वाटलंच होतं, सर.” तिच्या आवाजात राग नव्हता, आपुलकीही नव्हती. तिनं यादी वाचली आणि पेन्सिलीनं दोन ओळी खोडल्या. “हे दोन ट्रान्सफॉर्मर गेल्या वर्षी बदललेत. बाकीचं मला कुठंच मिळालं नसतं.”

खोडलेल्या ओळी शेषगिरींना पुन्हा तशाच खुपल्या. पोरगी इथंही बरोबर होती.

“बदललेले कुठले ते दाखव,” ते म्हणाले.

तिनं टेप गुंडाळून पिशवीत टाकली आणि चालू लागली. शेषगिरी तिच्या मागून निघाले.