प्राणकलशातला वायू

मुळगावच्या देवळासमोरच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. साखळीहून बस भरभरून लोक आले होते. खाणीवरच्या ड्रायव्हरांनी आपले ट्रक रस्त्याच्या कडेला ओळीनं उभे केले होते. समोर पाटावर प्राणेश्वर महाराज डोळे मिटून बसले होते. त्यांच्यापुढे तांब्याचा कलश, आणि कलशाच्या तोंडाला भगव्या कापडात गुंडाळलेली रबरी पिशवी बांधलेली. महाराजांनी फुंकर मारली नाही, कलशाला हातही लावला नाही. शिष्यानं मात्र भक्तिभावानं कलश उचलून कपाळाला लावला, जरा हलवला आणि खाली ठेवला. मरगळलेली पिशवी हळूहळू फुगली आणि ताठ उभी राहिली.

"प्राण इलो! प्राण इलो!" मांडव ओरडला. बायकांनी पदर पसरले.

विनोदिनी समईपासून लांब, खांबाला टेकून बसली होती. तिला आश्चर्यही वाटलं नाही आणि रागही आला नाही. असं तिला बऱ्याच काळापासून कशाचंच काही वाटत नव्हतं. तिच्या मांडीवर दोन वर्षांची सुविधा होती, नाकाशी बारीक नळी, गालांवर पट्ट्या. नळीचं दुसरं टोक शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या, कृष्णनाथच्या, पायांमधल्या सिलिंडरला. सुविधा सातव्या महिन्यातच जन्मली. फुप्फुसं कच्ची, म्हणून काचेच्या पेटीत राहिली आणि घरी आली ती प्राणवायूच्या यंत्रासह. त्या यंत्राची घरघर चालू असली की विनोदिनी डोळा मिटायची, वीज गेली की उठून सिलिंडर जोडायची. रडायचं राहून गेलं होतं, ते राहूनच गेलं.

यंत्राचा जोर डॉक्टर आनंदी हळूहळू कमी करत आल्या होत्या. गेल्या खेपेला त्या म्हणाल्या होत्या, "आता पुढच्या आठवड्यापासून दिवसा नळी काढून बघू. माझ्यासमोर."

ही गोष्ट सासूबाईंनी, पद्मावतींनी, आदल्या दिवशी घरी आलेल्या महाराजांच्या शिष्याला मोठ्या कौतुकानं सांगितली होती. तो खिडकीपाशी बसून चहा पीत सगळं विचारत होता. नळी कधीपासून, रात्री किती, डॉक्टर काय म्हणतात.

आणि आता महाराजांनी डोळे उघडून बोट रोखलं. "त्या खांबापाशी एक लेकरू आहे. नळीनं बांधलंय त्याला! आमची वाणी ऐका. आठवडा उलटायच्या आत हे लेकरू दिवसाउजेडी नळीविना खेळेल!"

पद्मावतींच्या डोळ्यांना धार लागली. "बघलंस गो विनू? न सांगता कळला त्यांका!"

"सांगितलंत तुम्हीच, आई. काल."

"शिष्याक सांगितला. म्हाराजांक खंय सांगितला?"

विनोदिनीनं सुविधाच्या गालावरची पट्टी नीट केली.

"यंत्राचा वारा म्हणजे काय?" महाराज रंगात आले. "शिळा वारा! डब्यातला! डॉक्टर लोक लेकरांना डब्यातलं खायला घालतात, डब्यातलं प्यायला घालतात, आता श्वासही डब्यातला! हा बघा ताजा प्राण, थेट ब्रह्मांडातून. आणा लेकराला. नळी काढा. पिशवीचं तोंड नाकाला लावा."

पद्मावती नातीला घ्यायला वाकल्या. शिष्यानं पिशवी कलशावरून सोडवली, तिचं तोंड चिमटीत धरून तो उठला, समईपाशी वळला, आणि चिमूट सैल झाली. फुस्स झालं. समईच्या दोन वाती विझल्या.

"ज्योत ज्योतीत मिळाली!" महाराज तत्काळ म्हणाले. मांडवानं हात जोडले.

विनोदिनी मात्र विझलेल्या वातींकडे बघत राहिली. सिलिंडर घरात आला तेव्हा पहिली ताकीद होती ती दिव्याची. प्राणवायूजवळ आग भडकते, देवाचा दिवासुद्धा दुसऱ्या खोलीत लावा. इथं उलटंच झालं होतं. पण वाऱ्याच्या झोतानंही वात विझते. ती सुविधाला उचलून नवऱ्याकडे देत म्हणाली, "हिला आणि सिलिंडरला घेऊन बाहेर जा. पार रस्त्यापर्यंत."

"अगो, पण झाला काय?"

"जा म्हणते ना."

तो गेला. ती पुढे आली. इतक्या लोकांत एरवी तिचा आवाज फुटला नसता. आज भीतीही वाटत नव्हती. "महाराज, हा प्राण आधी दिव्याला द्या. मग माझ्या मुलीला."

"श्रद्धा हवी, बाई."

"दिव्याला श्रद्धा लागत नाही." तिनं समईजवळची काड्यापेटी घेतली. शिष्यानं अडवायच्या आत कलश जवळ घेतला, काडी ओढली आणि पेटती काडी कलशाच्या तोंडातून आत धरली. विझली. दुसरी ओढली. तीही विझली. तिसरी तिनं पुढे बसलेल्या एका ड्रायव्हरच्या हातात दिली. "तुम्ही धरा. आत वारा नाही, फुंकर नाही. बघा."

त्याचीही विझली. तो कलशावर वाकला, नाक मुरडून मागे सरला. "विनागर! माडाचा विनागर असा ह्यात!"

त्यानं कलश पाटावर उपडा केला. आंबट वासाचं पाणी, स्वयंपाकातला शिरका, सांडलं आणि तळाशी उरलेली पांढरी पूड त्यात फसफसू लागली. भज्यांच्या पिठात घालतात तो सोडा. कलश हलवला की सोडा विनागरात मिसळायचा, वायू सुटायचा, पिशवी फुगायची.

"ज्यात काडी जळत नाही," विनोदिनी म्हणाली, "ते तुम्ही माझ्या मुलीच्या नाकाला लावणार होता."

"अश्रद्धेमुळे प्राण निघून गेला!" महाराज ओरडले. काही लोक विनोदिनीच्या अंगावर धावून आले, काही मान खाली घालून उठले. महाराजांची गाडी संध्याकाळच्या आत गाव सोडून गेली.

विनोदिनीनं डॉक्टर आनंदींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आपण श्वासातून बाहेर टाकतो तोच तो वायू. पिशवीभर नाकाला लावला असता तर पोर माझ्यापर्यंत पोचलं नसतं." त्यांनी सुविधाची नळी काढली, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावून आकड्यावर नजर ठेवली. आकडा टिकला. "मूल वाढतं तशी फुप्फुसंही वाढतात, नवी जागा तयार होते. हे हिच्या शरीरानं केलं. आपण तोवर तिला तगवलं."

पावसाळा सरता सरता रात्रीची नळीही सुटली. कृष्णनाथनं यंत्र परत नेऊन दिलं आणि येताना पेढे आणले. विनोदिनीनं पेढा तोंडात टाकला, गोड लागला एवढंच. घर शांत होतं. ती मुलीच्या छातीवर हात ठेवून पडून राहायची. आनंद कुठून सुरू करायचा ते तिला आठवत नव्हतं.

गावात मात्र वेगळंच पसरलं. महाराजांची नजर पडली म्हणून पोर सुटलं! ते ऐकून साखळीची सुमंगला आपल्या दमेकरी मुलाला, निलेशला, घेऊन दारात आली. पोराची छाती भात्यासारखी चालली होती.

"ताई, महाराज आता कुठं भेटतील? त्यांच्या शिष्यानं ह्याचा पंप बंद करायला सांगितलाय."

"पंप कुठाय?"

"पिशवीत."

"काढ. आधी दे त्याला."

सुमंगलानं दिला. पोराचे खांदे हळूहळू खाली आले. विनोदिनी त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. ओठांचा रंग परतला तसं कितीतरी काळानं तिला रडू फुटलं. ते पुसायला ती थांबली नाही.

"माझी मुलगी औषधानं, यंत्रानं आणि वाढत्या वयानं सुटली," ती म्हणाली. "देवाला नमस्कार कर, मी अडवत नाही. पण जो औषध बंद करायला सांगतो त्याला विचार, का? कसं? दाखव! तो चिडला तर उठून ये. चल, बस मिळेल अजून. डॉक्टरांकडे मी येते तुझ्याबरोबर."