हरण्याच्या मानेवरची गाठ

मला घाई होती आणि बाबांना नव्हती. गोठ्याच्या दाराशी उभं राहून ते म्हणाले, "आधी चहा घे ना पोरी. हरण्या काय पळून जाऊन राह्यला?"

बहात्तर तास म्हणजे बहात्तर तास, हे त्यांना कोण सांगणार? तीन दिवसांपूर्वी मी हरण्याच्या मानेवरचे केस भादरून क्षयाच्या चाचणीचं इंजेक्शन टोचलं होतं. आज तिथली कातडी किती जाड झाली ते मोजायचं. चार मिलिमीटरच्या वर वाढली तर रोग, दोनच्या आत असली तर नाही. माझ्या पीएच.डी.ला चाळीस जनावरं हवी होती. एकोणचाळीस परक्यांची मिळाली आणि चाळिसावा, दुर्बुद्धी सुचली म्हणून, वरवट बकाल या गावातला आमचाच बैल घेतला.

त्याच्या रक्ताचा निकाल काल अकोल्यात हातात पडला होता. माझा अभ्यास रेग्युलेटरी टी पेशींचा. शरीराची फौज रोगावर तुटून पडली की तिला आवर घालायचं काम या पेशींचं. त्या फार झाल्या तर आत रोग असूनही वर सूज येत नसावी, असा माझा संशय. हरण्याच्या रक्तात त्या भरमसाठ निघाल्या होत्या. आणि उद्या पोळा. तोरणाखाली गावची सगळी जनावरं अंगाला अंग लावून उभी राहणार, त्यात आमची जोडी मानाची.

कॅलिपर लावला. वाढ दीड मिलिमीटर. पुन्हा लावला, तरी दीडच.

"पास ना?" बाबांनी दारातूनच विचारलं. आत काही आले नाहीत.

हायसं वाटायला हवं होतं. पण माझी बोटं पिवळी झाली होती. भादरलेल्या जागेवर हळद होती, तेलकट. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद चोळतात ती खांदेमळणी संध्याकाळी असते आणि आता सकाळचे दहा वाजत होते.

"बाबा, ही हळद कोणी लावली?"

ते म्हणाले, "मीच शेकलं. काल लिंबाएवढी गाठ आली होती. गरम हळद-तेलानं दोन डाव शेकलं, मंग बसली."

मी भडकले. हात लावू नका म्हणून दहादा बजावलं होतं, माझ्या वर्षभराच्या कामाचं वाटोळं केलंत, ही सूज पेशींनी दाबली की तुमच्या हळदीनं हे आता मी कोणाला विचारू, असं वाट्टेल ते बोलले. बोलता बोलता मात्र माझीच जीभ अडखळली. लिंबाएवढी गाठ उगीच येत नाही.

"हरण्या उद्या तोरणाखाली जाणार नाही," मी म्हणाले.

ते भांडतील असं वाटलं होतं. "नको जाऊ दे," एवढंच म्हणाले.

"मग शेकलं कशाला?"

"तुले दिसू नाई म्हणून." ते खोकले. कोरडा, लांबलेला खोकला. मग खाली बघत विचारलं, "माणसाचा रोग बैलाले लागते का वं?"

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. एरवी गोठ्यात हरण्याशेजारी असणारी त्यांची बाज अंगणात निंबाखाली गेली होती. बाजेवर त्यांचा वेगळा पेला पालथा घातलेला होता. दीड मिलिमीटर मोजणाऱ्या मला हे दिसलं नव्हतं. लाज वाटली आणि भीती त्याहून जास्त.

"कधीपासून खोकताय?"

"आखाजीपासून." म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, चार महिने. "त्याच्याजवळच निजत होतो. मीच तर नाई ना देल्ला त्याले?"

या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. ते 'असू शकतं' असं होतं. मी त्यांच्याकडे निघाले तसे ते उपरणं तोंडाशी धरून मागे सरले.

"तिथंच थांब पोरी," ते म्हणाले. "तुले लागंल."