उजवा पाय

बँकेने उमाकांतची बदली साताऱ्याहून जयपूरला केली आणि त्याच्या डोक्यात मोटारीचं खूळ शिरलं. एका जुन्या हवेलीच्या आवारातून त्याने पन्नास वर्षांपूर्वीची उघड्या टपाची गाडी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावरच मोटार चालवायला शिकला. तिचा ॲक्सिलरेटर मधोमध, ब्रेक उजवीकडे. "तुमच्यासारखीच, उलट्या खोपडीची," बायको वासंती म्हणायची.

त्या रविवारी जयपूरजवळच्या कानोत्याच्या सहलीला वासंतीचा धाकटा भाऊ जयंत आपल्या शेठजींची लाल परदेशी स्पोर्ट्स कार मिरवत आला. जेवणं झाली आणि दाजी-मेव्हण्यांची जुंपली. नवी वाऱ्यासारखी पळते. पण तिच्यात दोघंच मावतात, जुनीत अख्खं बिऱ्हाड. शेवटी ठरलं, गाड्या बदलून पुढच्या उतारावरून जायचं आणि मग बोलायचं.

"दाजी, नीट ऐका. ब्रेक मध्ये, ॲक्सिलरेटर उजवीकडे."

"जयंतराव, बँक सांभाळतो मी. एवढं लक्षात राहील."

उमाकांत-वासंतीची लेक निशिगंधा केव्हाच लाल गाडीत जाऊन बसली होती. "मम्मी, मी पापांसोबतच!"

वासंती तिला उतरवायला निघाली होती. पण रंगाचा बेरंग कशाला, म्हणून ती जुन्या गाडीत जयंतशेजारी बसली.

उतार निम्मा झाला असेल. वळणावर अचानक शेळ्या आडव्या आल्या. जयंतचा पाय सवयीने मधल्या पेडलवर पडला आणि म्हातारी गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. "अरे, उजवीकडे!" वासंती किंचाळली आणि दोन्ही हातांनी तिने हँडब्रेक ओढला. गाडी करकरत, तिरकी होऊन रस्त्यातच उभी राहिली. शेळ्या पांगल्या.

"ताई, मला माहीत होतं गं," जयंत पांढराफटक पडला होता. "डोक्याला माहीत होतं, पायाला नव्हतं."

ते ऐकलं आणि वासंतीने गर्रकन मागे पाहिलं. मागून उमाकांत येत होता. त्याच्या पायाला तरी कुठे माहीत होतं?

ती उतरून हात हलवत धावली. लाल गाडी वळणावर दिसली. उमाकांतने तिला पाहिलं, वाट अडवून उभी असलेली जुनी गाडी पाहिली, आणि इंजिनाने डरकाळी फोडली. आपणच त्याला ब्रेक दाबायला लावला, हे तिला कळलं तेव्हा हात अजून वरच होता. देवा, माझी निशी!

गाडी तिच्या पदराला घासून गेली, रस्ता सोडून खाली वाळूत घुसली आणि थांबली. कुणाचाच आवाज येईना. ते दोन-चार क्षण वासंती जिवंत नव्हतीच.

मग दार उघडलं. निशिगंधा रडत बाहेर आली. कपाळाला खोक पडली होती, तेवढंच. "मम्मी, पापा ब्रेक दाबतच होते. गाडी रुकलीच नाही."

पोरीला उराशी धरून वासंती दुसऱ्या दाराशी गेली. इंजिन बंद पडलं होतं. उमाकांत समोर बघत बसला होता, आणि त्याचा उजवा पाय अजूनही सगळा जोर लावून उजवं पेडल दाबत होता.

"थांबली हो," ती म्हणाली. "थांबली गाडी."

त्याला ऐकूच जाईना. शेवटी तिने खाली वाकून तो पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला.