समजूत काढायचा ट्रेड

फौजेतून परत आलेल्या माणसाला आमचं गाव एकच प्रश्न विचारतं, बंदूक चालवली का? हरिबानं बावीस वर्षं नोकरी केली आणि सरावाच्या मैदानाबाहेर ती कधी चालवली नाही. त्यामुळे गावाच्या लेखी तो फौजेत गेलाच नव्हता, नुसता बाहेरगावी होता.

तो इंजिनियरांच्या पलटणीत होता. पहिली बारा वर्षं त्यानं बोअर पाडले. उंटसुद्धा विचार करून पाय टाकतो अशा वाळवंटात त्यानं ठाण्यांसाठी पाणी काढलं. यंत्राच्या तोंडातून उडणारा भुगा तो चिमटीत धरायचा, वास घ्यायचा, जिभेला लावायचा आणि सांगायचा, अजून चाळीस फूट. चाळीस फुटांवर पाणी लागायचं. नाही लागलं तर पंचेचाळीसवर. सुट्टीवर आला की त्याची आई बायनाबाई शेजारणींना सांगायची, ‘‘माजा हरिबा सरकारसाठी पानी काढतो.’’ शेजारणींना वाटायचं हा तिकडे रहाट ओढतो.

मग त्याची बदली सरहद्दीजवळच्या एका डोंगरी खोऱ्यात झाली. तिथे फौजेच्या ठाण्यानं गावाच्या झऱ्यावर नळ बसवला होता, आणि गाव रोज दगड घेऊन जमायचं. एके दिवशी हरिबा नळ दुरुस्त करत असताना जमाव आला. हरिबानं पाना खाली ठेवला आणि आपल्या मराठवाडी हिंदीत सांगितलं, ‘‘चाचा, हमकू बी पानी होना, तुमकू बी होना. पत्थर कायकू? पत्थर तो हमारे गाव में बी भोत है.’’

चार वर्षांत फौजेसमोर दात न दाखवलेले म्हातारे खोखो हसले. मेजरसाहेब बंकरातून बघत होते. संध्याकाळी त्यांनी हरिबाला बोलावून सांगितलं, ‘‘तुझी हिंदी ऐकून माणसं हसतात. हसणारा माणूस दगड मारत नाही. तुझा ट्रेड बदलतो.’’

फौजेत कामाच्या जातीला ट्रेड म्हणतात. ही जात बदलता येते, एवढाच फौज आणि आमचं गाव यांच्यातला फरक. हुकमावर नव्या कामाचं नाव होतं ‘मनोवैज्ञानिक कारवाई व नागरी संपर्क’. हरिबानं ते फोनवर आईला वाचून दाखवलं.

‘‘म्हंजी येड्यांच्या दवाखान्यात?’’

‘‘न्हाई माय. शहाण्यांच्या.’’

‘‘मंग पानी कोन काढनार?’’

‘‘काढनारे लई हायत. मी आता लोकांची समजूत काढनार.’’

 समजूत काढायला सरकार पगार देतं, हे बायनाबाईला नवीन होतं. तिनं आयुष्यभर ते काम फुकट केलं होतं.

तीन महिन्यांच्या शिक्षणात हरिबा बरंच शिकला. लोकांकडून काही घ्यायचं असेल तर आधी काहीतरी द्यावं. दिलेली वस्तू खायची नसावी, कारण खाल्लेलं माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो. ती रोज डोळ्यांसमोर राहणारी असावी, रेडिओ, घोंगडी, भिंतीवरचं घड्याळ. देताना फोटो काढावा. आणि घ्यायचं ते गावचे लोक फोटोत उभे असतानाच घेऊन टाकावं. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं, मेजरसाहेबांनी तोंडी सांगितलं होतं. पुढची दहा वर्षं हरिबानं हेच केलं, आणि चांगलं केलं. त्याला दोनदा शाबासकीचं पत्र मिळालं. पाण्यासाठी एकदाही मिळालं नव्हतं.

दोन हजार बारा साली तो निवृत्त होऊन आला, तेव्हा पाऊस गावाकडे फिरकलाच नव्हता. दिंद्रुडपासून आमच्या गावापर्यंत सगळ्या विहिरी तळ दाखवून बसल्या होत्या. अपवाद एकच, पाझर तलावाखालची सरकारी विहीर. बहात्तरच्या दुष्काळात ती गावच्या बायकांनी खणली होती, मजुरीत मिळणाऱ्या सुकडीवर. बायनाबाई त्या कामावर होती आणि हरिबा तिच्या पोटात होता. ‘‘पयला पाझर फुटला तवा ह्यानं पोटात लाथ मारली,’’ असं ती सांगायची. आता बारा सालीही गाव त्याच विहिरीवर जगत होतं. टँकर गावात आला नव्हता, कारण ज्या गावाच्या विहिरीला पाणी आहे त्या गावाला टँकर मिळत नाही, आणि जिथे अजिबात नाही तिथे टँकरला रस्ता नसतो.

अकरा किलोमीटरवर सहकारी साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही, देवाचंच आहे. पाण्यावाचून त्याचा बॉयलर थंड पडायच्या बेतात होता. चेअरमन मोहनराव कारखान्यासाठी बोअरची गाडी मागवणार, असं हरिबाच्या कानावर आलं. तो इस्त्रीचे कपडे घालून भेटायला गेला.

‘‘साहेब, मी बारा वर्षं बोअर पाडल्यात. गाडी माज्या हवाली करा. महिन्यात पानी काढून देतो.’’

मोहनरावांनी त्याचे कागद चाळले. बोअरचं पान त्यांनी उलटलं, शाबासकीच्या पत्रांवर थांबले.

‘‘फौजी, गाडी तेलंगणातून ड्रायव्हरसगट येती. पानी काढनारे पायलीला पन्नास मिळतेत. हे समजूत काढायचं काय हाय?’’

हरिबानं सांगितलं. सांगताना तो खुलला, हे खरं. मोहनरावांनी चहा मागवला, मग दुसरा मागवला, आणि दुसऱ्या चहाला हरिबा कारखान्याचा जनसंपर्क अधिकारी झालेला होता. मग त्यांनी काम सांगितलं. कारखान्याला सरकारी विहिरीतून पाइपलाइन न्यायची होती. ग्रामपंचायतीचा ठराव झाला होता. चर खणून झाला होता, पाइप आले होते. पण विहिरीजवळ शेवटच्या जोडावर गावच्या त्रेचाळीस बायका आठ दिवसांपासून बसून होत्या, आणि उठत नव्हत्या.

‘‘म्होरक्या कोन हाय म्हाईत हाय का?’’ मोहनरावांनी विचारलं.

‘‘म्हाईत हाय,’’ हरिबा म्हणाला. ‘‘माजी माय हाय.’’

‘‘म्हनूनच तर तुला चहा पाजला.’’

पाणी गावाला पुरून उरलं तरच कारखान्याला, असं मोहनरावांनी शब्दावर सांगितलं. विहिरीच्या सातव्या पायरीवर लाल पट्टा मारायचा, पाणी त्याखाली गेलं की मोटर बंद. हरिबाला ते पटलं. दहा वर्षं लोकांची समजूत काढणाऱ्या माणसाची दोन कप चहात कशी काढली गेली, याचं नवल त्याला पुढे फार वाटायचं.

तो विहिरीवर गेला. बायका पाइपावर ओळीनं बसल्या होत्या, काही जणी भाजी निवडत होत्या.

‘‘आला बगा कारखान्याचा जावई,’’ छबुबाई म्हणाली. ती हरिबाच्या शेजारची, आणि गावात कुणाला नाव ठेवायचं असलं तर आधी तिच्याकडून मंजूर करून घ्यावं लागे.

‘‘काकू, मी काय पाइप न्यायला न्हाई आलो.’’

‘‘मंग काय आम्हाला न्यायला आलास?’’

‘‘हां,’’ हरिबा म्हणाला. ‘‘डोळे तपासायला. कारखान्यावर शिबिर हाय. चष्मा फुकट.’’

हसू उसळलं. पण हरिबानं बघितलं होतं, छबुबाई मेथीबरोबर गवतही निवडून टोपलीत टाकत होती. सुईत दोरा ओवायला गावात दोघीतिघीच उरल्या होत्या. चष्मा खाऊन संपत नाही, आणि रोज डोळ्यांसमोरच असतो. याहून डोळ्यांसमोर राहणारी वस्तू फौजेलाही सुचली नव्हती.

‘‘आनि आमी गेल्यावर इथं?’’ बायनाबाईनं विचारलं.

‘‘इथं काय व्हतंय माय? मी हाय न्हवं.’’

‘‘तू हायस म्हनूनच इचारलं.’’

तरी शिबिराच्या दिवशी ती उठली. बाकी कुणाचा मोडला असता, पोराचा शब्द तिला मोडवला नाही. ती उठली म्हणून बाकीच्या उठल्या.

त्या गुरुवारी सकाळी कारखान्याच्या दोन ट्रॉल्या आल्या. बायका चढत होत्या तेव्हाच रस्त्याच्या पलीकडून एक जीप विहिरीकडे वळली. जीपमध्ये पाइप जोडायचं वेल्डिंगचं यंत्र होतं. ते हरिबानं बघितलं. ओळखलंही, इंजिनियरांच्या पलटणीत बारा वर्षं काढली होती. ट्रॉली थांबवायला हात वर करावा लागला असता. त्याच्या हातात कॅमेरा होता.

शिबिर फार चांगलं झालं. डॉक्टर अंबाजोगाईहून आले होते, मन लावून तपासत होते. चष्मे तीनच नंबरांचे होते, पण आमच्या गावच्या बायकांनी आजवर कशालाच नंबर लागत नसताना दिवस काढले होते, त्यांना तीन पुष्कळ झाले. छबुबाईनं चष्मा घालून पहिल्यांदा मोहनरावांकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘आगं बया, ह्यो तर लई म्हातारा झाला.’’ सगळ्या हसल्या, मोहनरावही हसले. हरिबानं फोटो काढले.

चार वाजता त्रेचाळीस चष्मे गावात परतले. बायकांना सगळं लख्ख दिसत होतं. पहिलं दिसलं ते हे, की पाइप जोडला गेला आहे, त्यावर काळा रंगही मारून झाला आहे आणि आत पाण्याचा आवाज आहे.  बायनाबाई विहिरीच्या काठावर गेली आणि सातव्या पायरीवरचा लाल पट्टा बघून आली.

‘‘पट्टा मस्त हाय,’’ ती म्हणाली. ‘‘चष्म्याबिगर दिसला नसता.’’

सहाव्या दिवशी पाणी पट्ट्याखाली गेलं. हरिबा मोटर बंद करायला सांगू लागला तर कळलं, मोटरचं बटण कारखान्यावर आहे. तो मोहनरावांकडे गेला. मोहनराव म्हणाले, ‘‘फौजी, पट्टा जरा खाली घे.’’ एकोणिसाव्या दिवशी विहिरीत बहात्तर सालच्या घणाच्या खुणा दिसल्या. बायनाबाईला त्यातल्या आपल्या कोणत्या तेही आठवलं. मग गावाला टँकर मंजूर झाला. आता तो नियमात बसत होता.

हरिबानं नोकरी सोडली नाही, त्याला बायको सत्यभामाचं आणि दोन मुलींचं बघायचं होतं. पण तो उन्हातान्हात शिवारात फिरू लागला. ओढ्याच्या दरडीला काळ्या खडकाखाली तांबड्या मातीचा एक थर दिसतो. तो थर कुठून कुठे उतरत जातो हे त्यानं पावलांनी मोजलं, दगड फोडून चाखून बघितले. आणि पंधरवड्यानं, मारुतीच्या पारासमोर टँकरची वाट बघत गाव बसलं होतं, तिथे तो उभा राहिला.

‘‘पंचाक्षरीअण्णाच्या माळावर, बाभळीपासून दहा पावलं. एकशेसत्तर फुटांवर पानी हाय. गावानं मिळून बोअर घ्या. मी उभा ऱ्हाऊन पाडून देतो.’’

 छबुबाई म्हणाली, ‘‘कितवी पायरी म्हनलास?’’

हशा झाला. दहा वर्षांत हरिबानं इतक्या लोकांना हसवलं होतं, पण हसणारा माणूस दगड मारत नाही, कारण हसणंच पुरतं, हे त्याला त्या दिवशी कळलं.

‘‘आवो, हे समजूत काढायचं न्हाई. ह्ये पानी काढायचं हाय. माजा मूळचा ट्रेड हाय ह्यो.’’

‘‘आता कामून सांगतो रं?’’ पंचाक्षरी म्हणाला. त्याचं गावात किराणा दुकान होतं, आणि तो माळ त्याला वारसानं मिळालेली अडचण होती. ‘‘तवा का न्हाई सांगितलं? आनि आमच्या वावरात भोक पाडून काय फुकटचे चष्मे निघनार हायत?’’

हरिबा आईकडे बघू लागला. बायनाबाई घागरीवर बसली होती. तिला पोराच्या तोंडावरचं कळत होतं. लहानपणी खरं बोलताना त्याचा डावा कान लाल व्हायचा, तो आता लाल झाला होता. चष्म्यातून स्वच्छ दिसत होता. पण बेचाळीस जणी तिच्याकडे बघत होत्या, आणि मागच्या वेळी आधी तीच उठली होती. ती बसून राहिली.

गावात एकानंही विश्वास ठेवला नाही. विश्वास ठेवला तो मोहनरावांनी. पारावरची गंमत म्हणून कुणीतरी ती कारखान्यावर सांगितली, तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी हरिबाला बोलावलं नाही की विचारलं नाही. पगाराशिवाय बोलणारा माणूस खोटं बोलत नाही, एवढं सहकारात तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं. आठ दिवसांत पंचाक्षरीनं माळ कारखान्याला विकला. ‘‘दगडाचं सोनं झालं,’’ तो दुकानात सांगत होता. तेलंगणाची गाडी आली, ड्रायव्हरसगट. बाभळीपासून दहा पावलांवर, एकशेअडुसष्ट फुटांवर, तांबडा गाळ उडाला आणि मागून पाणी बाभळीच्या उंचीनं वर आलं.

गाव बघायला धावलं. आणि पाणी बघून गावाची खात्रीच पटली. ‘‘बगितलं का,’’ छबुबाई म्हणाली, ‘‘आदीच ठरलंतं ह्येंचं. गावाला इचारल्यासारखं केलं, म्हंजी गाव न्हाई म्हनंल.’’ हरिबा तिथेच उभा होता. सांगायला त्याच्याकडे खरं तेवढंच होतं, आणि ते आता समजूत काढल्यासारखं वाजलं असतं.

जलपूजनाला मांडव पडला. घ्यायच्या आधी काहीतरी द्यावं, हे मोहनरावांनी हरिबाकडूनच शिकून घेतलं होतं. पाइप कारखान्याकडे गेला आणि गावासाठी एक तोटी ठेवली, सकाळी एक तास. पहिली घागर गावच्या ज्येष्ठ महिलेच्या हस्ते भरायची आणि तिचा फोटो कारखान्याच्या अहवालात छापायचा, असं ठरलं.

बायनाबाईला पुढे केलं. तिनं घागर तोटीखाली लावली. हरिबा कॅमेरा घेऊन समोर उभा राहिला.

‘‘तूच काढलंस न्हवं हे पानी?’’ तिनं हळूच विचारलं.

हरिबानं मान डोलावली. डावा कान लाल झाला.

‘‘मला म्हाईत हुतं,’’ ती म्हणाली. ‘‘त्या दिशी पारावर बी म्हाईत हुतं.’’

मांडवातून मोहनरावांनी आवाज दिला, ‘‘आवरा फौजी!’’ बायनाबाईनं चष्मा काढून कमरेला खोचला.

‘‘माय, असू दे की चष्मा. फोटूत चांगला दिसतो.’’

‘‘नको बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘घातला की तू दिसतूस. आनि घागरीच्या पान्यात मी.’’

हरिबानं फोटो काढला.